मिठाच्या वाटेवरचे वाक्प्रचार

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांतून कोकणचे मीठ पिढ्यान्‌पिढ्या घाटावर चढत आले. खाडीकाठच्या मिठागरांतले मीठ गोणींत भरून व बैलांच्या पाठीवर लादून वंजाऱ्यांचे तांडे नाणेघाट, माळशेज आणि थळघाट ओलांडीत, व परतीस देशावरचे धान्य घेऊन उतरत. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असे परंपरा सांगते, आणि तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख असल्यामुळे या वाटेच्या प्राचीनत्वाबद्दल शंका उरत नाही. १८६५ साली आगगाडी कसाऱ्याहून इगतपुरीस चढली, आणि तांड्यांच्या वाहतुकीस उतरती कळा लागली.

ज्या मिठासाठी या वाटा तुडविल्या गेल्या ते आमच्या बोलण्यात इतके मुरले आहे की, येथील विद्यार्थ्यास इंग्रजी वाक्प्रचारांचा वाच्यार्थ व लक्ष्यार्थ शिकविताना मास्तरांनी मिठापासूनच आरंभ करावा, असे मला मनापासून वाटते. जो आपल्या वेतनास पात्र ठरतो तो इंग्रजीत ‘वर्थ हिज सॉल्ट’. तेथे माणसाचे मोल कामाने ठरते. आपण मात्र खाल्ल्या मिठास जागतो. येथे हिशेब कामाचा नसून इमानाचा आहे, आणि ते इमान मोडणाऱ्यास फारसीतून आलेला ‘नमकहराम’ हा कठोर शब्द आपण आजही वापरतो. एखादी वार्ता ‘पिंच ऑफ सॉल्ट’सह घ्यावी असे इंग्रज म्हणतो, तेव्हा ती पुरती खरी मानू नये अशी सूचना असते; उलट आपल्याकडे मीठमिरची लावतो तो सांगणारा. चिमूट तिकडे श्रोत्याच्या हाती, इकडे वक्त्याच्या, आणि हा भेद न कळता शब्दशः भाषांतर करणारा मुलगा नेमका विपरीत अर्थ करून बसतो. जखमेवर मीठ चोळणे तेवढे दोन्हीकडे एकच.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि दाते व कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’चा पहिला भाग १९४२ साली प्रसिद्ध झाला. या कोशकारांचे ऋण मोठे आहे. तथापि ‘कॅट्स अँड डॉग्ज’ पडणाऱ्या पावसाचा वाच्यार्थ शोधीत बसण्यापेक्षा, उखळात भात कांडताना मुसळ कसे सरळ, जड आणि न थांबता पडे हे मुरबाडच्या एखाद्या आजीकडून ऐकावे. मग मुसळधार म्हणजे काय, हे कोश न उघडताही कळते.