विरघळून जाणारा आधार

विळीवर बोट खोल कापले, की जखम भरते. पण कधी कधी बोटाचे टोक बधिरच राहते. आतला मज्जातंतू तुटलेला असतो. त्याला पुन्हा वाढता येते, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मात्र दोन टोकांत अंतर पडले, तर वाढणारे तंतू वाट चुकून व्रणात गुरफटतात. त्यांना वाट करून देण्याच्या खटपटीचा इतिहास मला मोठा उद्बोधक वाटतो.

ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकांवर प्रयोग करून दाखवले, की तुटलेल्या मज्जातंतूचा पलीकडचा भाग झडून जातो. म्हणजे नवी वाढ अलीकडूनच व्हायला हवी. १८८२ साली बेल्जियमच्या व्हॅनलेअर यांनी कुत्र्याच्या पायातील मज्जातंतूची ३ सेंटिमीटरची फट हाडाच्या नळीने सांधली. त्या हाडातील क्षार आधी काढून टाकलेले होते. नळीतून तंतू पलीकडे पोचले!

पुढे रक्तवाहिन्यांचे तुकडे वापरून झाले, धातू वापरून झाले. पण व्रण आड येई. त्यामुळे पायातला एक मज्जातंतू काढून तो फटीत बसवण्याची पद्धत रूढ झाली. ती आजही उपयोगी आहे; पण हात सुधारताना पावलाची बाहेरची कड बधिर होते. एकाचे काढून दुसऱ्याला द्यायचे, असा हा व्यवहार.

१९८० च्या दशकात स्वीडनच्या योरान लुंडबोर्ग यांनी सिलिकॉनच्या नळीत काय घडते ते पाहिले. उंदरांमधील १० मिलिमीटरची फट भरून आली. नळीत स्राव साचला, त्याचा धागा बनला आणि त्यावरून पेशी व तंतू सरकत गेले. शरीरच पूल बांधत होते! पण सिलिकॉन विरघळत नाही. नळी पुढे मज्जातंतूला दाबते आणि ती काढायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

उत्तर हाताशीच होते. पॉलिग्लायकॉलिक आम्लाचे विरघळणारे टाके शल्यचिकित्सक वापरतच होते. त्याच पदार्थाच्या नळ्या सुझन मॅकिनन आणि ली डेलन यांनी १५ रुग्णांच्या हातांत बसवल्या. १९९० साली त्यांनी निष्कर्ष मांडले. फटी ३ सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या आणि बहुतेकांना उपयोगी संवेदना परत मिळाली. पुढे कोलॅजेनच्या नळ्याही आल्या.

स्लॅब पक्का झाला, की सेंटरिंग काढावे लागते. इथे ते आपोआप विरघळते. अर्थात मोठ्या फटीला या नळ्या अजून पुरत नाहीत; तिथे पायातलाच मज्जातंतू घ्यावा लागतो. ती मर्यादा ओलांडली, तर एक अवयव वाचवण्यासाठी दुसऱ्याला बधिर करावे लागणार नाही.