जुनी स्टँडर्ड हेराल्ड : कुंभकोणमच्या हवेत घरच्या घरी निगा, दुरुस्ती आणि फेरबदल

स्पोर्ट्स कूपे म्हणावी अशी गाडी १९६०च्या दशकात भारतात मोठ्या संख्येने बनली नाही. त्या काळातील भारतीय गाड्यांपैकी या प्रकाराच्या सर्वांत जवळ येते ती मद्रासमध्ये तयार झालेली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. तमिळनाडूत जन्मलेली ही गाडी कावेरीच्या खोऱ्यातील कुंभकोणमसारख्या गावात आज घरी सांभाळायची असेल, तर तीन गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या ठरतात : नियमित निगा, दोषाचे अचूक निदान आणि कायद्याच्या मर्यादेतील फेरबदल. यांपैकी तिसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास निगा उत्तम असूनही गाडीचा दर्जा हातचा जाऊ शकतो.

गाडीचे कूळ

हेराल्डचा आराखडा इटालियन रचनाकार जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी केला. ब्रिटनमध्ये १९५९ साली ती ट्रायम्फ या नावाने कूपे आणि सलून अशा दोन रूपांत बाजारात आली. तिच्याच चासीच्या रचनेवरून १९६२ मध्ये स्पिटफायर ही खुली स्पोर्ट्स गाडी आणि १९६६ मध्ये सहा सिलिंडरची जीटी-६ ही कूपे तयार झाली. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून मद्रासजवळच्या कारखान्यात हेराल्डचे उत्पादन सुरू केले. भारतात सलून रूप आले आणि ९४८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन अखेरपर्यंत कायम राहिले. पुढे चार दारांची हेराल्ड आली, तर १९७२ मध्ये गझेल. कंपनीचे मोटार उत्पादन १९८०च्या दशकाच्या अखेरीस थांबले.

या कुळाचा आजच्या मालकाला प्रत्यक्ष लाभ होतो. भारतीय कारखाना बंद झाला असला, तरी स्पिटफायर व जीटी-६ यांच्या चाहत्यांमुळे पुढील चाकांच्या जोडणीचे अनेक सुटे भाग ब्रिटनमध्ये अजूनही नव्याने बनतात. काचा, दिवे आणि बाहेरील पत्रा मात्र जुन्या गाड्यांतूनच मिळवावा लागतो. म्हणून पत्र्याचा कोणताही मूळ भाग सहसा टाकून देऊ नये.

घरच्या कामाला अनुकूल रचना

हेराल्डला स्वतंत्र चासी आहे आणि तिच्यावर सांगाड्याचे निरनिराळे भाग बोल्टने जोडलेले आहेत. बॉनेट आणि पुढचे दोन्ही मडगार्ड मिळून एकच भाग असून तो पुढच्या बाजूने बिजागरीवर उचलला जातो. त्यामुळे इंजिन, स्टिअरिंग आणि पुढची चाके पूर्णपणे उघडी पडतात. टायरवर बसून इंजिनाचे काम करता येईल अशी गाडी विरळाच. साधा पानांचा संच, फीलर गेज, टेस्ट लॅम्प, ग्रीस गन आणि दोन भक्कम स्टँड एवढ्या साहित्यावर निम्म्याहून अधिक कामे अंगणात होऊ शकतात.

सुरक्षेचे नियम मात्र पाळलेच पाहिजेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक चासीच्या भक्कम भागाखालीच लावावा. तळाच्या पत्र्याखाली लावल्यास पत्रा फाटतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

दमट हवा आणि चासी

कुंभकोणम हे गाव कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. तंजावरच्या भोसले राज्याचा एके काळी भाग असलेल्या या प्रदेशात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. चहूबाजूंना भातशेती आणि कालवे असल्याने हवेतील ओल एरवीही हटत नाही. कोकण व गोव्यातील मालकांना ही स्थिती परिचित असेल. फरक एवढाच की तेथे जूनपूर्वी जी तयारी करावी लागते, ती येथे सप्टेंबरअखेर पूर्ण व्हावी लागते.

हेराल्डची खरी ताकद चासीत आहे, पत्र्यात नाही. म्हणून गंजाचा शोध खालून घ्यावा. मुख्य पट्ट्यांपासून बाहेर निघालेले आधार, मागील डिफरन्शियलच्या जोडणीभोवतालचा भाग आणि डिकीखालील आधार या ठिकाणी चिखल साचतो. लहान हातोडीने हलके ठोकून पाहावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, तर गंजलेले बद्द आवाज देते. दरवाजा आणि सांगाडा यांमधील फट वर व खाली असमान दिसू लागली, तर चासी वाकल्याची किंवा खचल्याची शंका घ्यावी.

पावसाळा संपल्यावर खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा आणि पोकळ पट्ट्यांच्या आत गंजरोधक मेण किंवा तेल फवारावे. गाडी हवाबंद ताडपत्रीखाली ठेवू नये, कारण आत अडकलेली ओल पावसापेक्षा अधिक नुकसान करते. वारा खेळता असलेली पडवी हीच उत्तम जागा होय. चासीवर वेल्डिंग करायचे झाल्यास ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. गंजलेल्या भागावर नुसती पट्टी ठोकणे म्हणजे दोष झाकणे होय.

ट्रनियन : तेल, ग्रीस नव्हे

या गाडीतील सर्वांत छोटी आणि सर्वांत घातक ठरणारी चूक पुढील चाकांच्या खालच्या सांध्यात होते. चाक धरून ठेवणारा पोलादी उभा दुवा खाली ट्रनियन नावाच्या पितळी सांध्यात आट्यांनी बसवलेला असतो. स्टिअरिंग फिरवताना तो या आट्यांतच फिरतो. या सांध्यात ग्रीस नव्हे, तर गिअरसाठी वापरले जाणारे ईपी-९० दर्जाचे घट्ट तेल भरणे आवश्यक असते.

कुंभकोणम हे बसगाड्यांचे गाव. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या चोळन रोडवेजचे मुख्यालय येथेच होते आणि आज राज्य परिवहनाच्या कुंभकोणम महामंडळाचेही ते येथे आहे. जड वाहनांवर हात बसलेले कारागीर अशा गावात सहज भेटतात. मात्र जड वाहनांच्या बहुतेक सांध्यांत ग्रीस भरले जात असल्याने येथेही तेच भरले जाण्याचा संभव असतो. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, वाळून घट्ट होते आणि पाणी आत अडकवते. गंजलेला दुवा मग आट्यांपाशी झिजतो आणि एखाद्या दिवशी तुटतो. परिणामी चाक मडगार्डखाली आडवे पडते.

यावर उपाय सोपा आहे. दर पाच हजार किलोमीटरनंतर, तसेच प्रत्येक पावसाळ्यानंतर, ग्रीस गनमध्ये हे तेल भरून ते सांध्याच्या वरच्या कडेतून बाहेर येईपर्यंत द्यावे. स्टिअरिंग जड झाले असेल किंवा वळणानंतर आपोआप सरळ होत नसेल, तर सांधा उघडून तपासावा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या आट्या परस्परविरुद्ध असतात, याचे भान जोडणी करताना ठेवावे.

मागील आडवा पाटा

मागील चाके एका आडव्या पाट्यावर तोललेली असून दोन्ही बाजूंचे ॲक्सल डिफरन्शियलपासून पंखासारखे वरखाली होतात. भर वेगात वळण घेताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला किंवा जोरात ब्रेक लावला, तर मागचा भाग वर उचलला जातो, चाक आत दुमडते आणि गाडी मागून सरकते. हा दोष मूळ रचनेतच आहे. पुढे ब्रिटनमध्ये स्पिटफायरसाठी सुधारित पाटा आला आणि भारतात गझेलला सरळ अखंड ॲक्सल देण्यात आला.

मालकाने पाट्याच्या टोकांचे बुश, शॉक ॲबसॉर्बर आणि चारही टायरमधील हवा नियमित तपासावी. गाडी मागून उंच दिसावी म्हणून पाट्याला बाक वाढवून घेणे धोक्याचे आहे. वेग वळणात शिरण्यापूर्वीच कमी करणे, हा या गाडीच्या चालकाचा पहिला नियम होय.

पेट्रोल बदलले, गाडी तीच राहिली

हेराल्डचे इंजिन ज्या इंधनासाठी बनले, ते आता मिळत नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. शिशामुळे जुन्या इंजिनातील व्हॉल्व्हच्या बैठकींना संरक्षण मिळत असे. हेडमध्ये कठीण पोलादाच्या बैठकी बसवलेल्या नसतील, तर व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततात आणि टॅपेटची फट कमी होत जाते. या इंजिनासाठी थंड स्थितीत ही फट सुमारे ०.२५ मिलिमीटर ठेवतात. प्रत्येक तपासणीत ती घटलेली आढळल्यास हेड उघडण्याची वेळ जवळ आली असे समजावे. त्याच वेळी कठीण बैठकी बसवून घ्याव्यात.

दुसरा बदल इथेनॉलचा. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाचे वॉशर फुगतात किंवा तडकतात. शिवाय ते हवेतील ओल शोषते. प्रमाण वाढल्यास पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व पडदा बसवावा, कार्ब्युरेटरपूर्वी पारदर्शक फिल्टर लावावा आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. वेग वाढवताना इंजिन अडखळत असेल आणि प्लगचे टोक पांढरे पडत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. जेट तपासून घ्यावे.

लक्षणांवरून निदान

इंजिन सुरू होत नसेल, तर आधी ठिणगी, मग पेट्रोल आणि शेवटी कॉम्प्रेशन हा क्रम सोडू नये. पावसाळी सकाळी दोष बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात साचलेल्या ओलीत असतो. टोपण कोरडे करून पॉइंट साफ करावेत आणि त्यांची फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावी. वायरी काढल्या असतील तर १-३-४-२ हा क्रम तपासावा.

गरम इंजिन उन्हात बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल, तर पेट्रोलची नळीत वाफ झाली असावी किंवा कॉइल अथवा कंडेन्सर तापून निकामी होत असावा. तापमान सतत चढत असेल, तर पट्टा, रेडिएटरचे टोपण आणि नळ्या पाहाव्यात. रेडिएटर तांब्या-पितळेचा असल्याने गळती डाख देऊन बंद करता येते. त्यात बोअरवेलचे जड पाणी भरू नये. शुद्ध पाणी आणि कूलंट वापरावे.

ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर त्या चाकाच्या विरुद्ध बाजूचा व्हील सिलिंडर गंजून अडकलेला असू शकतो. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. चारही चाकांना एकाच वाहिनीतून दाब जात असल्याने एक नळी फुटली तरी संपूर्ण ब्रेक निकामी होतो.

एक तपासणी सहसा कोणी करत नाही. इंजिन बंद असताना एकाने क्लच दाबावा आणि दुसऱ्याने पुढील पुली पाहावी. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकत असेल, तर क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. ते गळून पडल्यास इंजिनाचा ब्लॉकच खराब होतो. वेळीच लक्षात आल्यास ऑइल चेंबर उतरवून ते बदलता येतात.

फेरबदल : कोठवर?

फेरबदलांचे दोन गट पाडता येतात. पहिला गट सहज परत काढता येणाऱ्या गोष्टींचा : सीट बेल्ट, हेडलाइटसाठी रिले, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडियल टायर. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवायचा असल्यास बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले आहे, हे आधी पाहावे. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत ते धन टोक असते आणि उलटी जोडणी झाल्यास नवा भाग क्षणात जळतो. काढलेला प्रत्येक मूळ भाग नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

दुसरा गट इंजिन, चासी आणि सांगाडा यांचा. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवणे किंवा छत कापून खुली गाडी करणे यांचा मोह अनेकांना होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. इंजिन बदलण्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना त्यानुसार स्वतंत्र नोंदणी मिळते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचे ५ हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे ठरवण्यात आली. मात्र अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. अशा गाडीचा रोजच्या किंवा व्यावसायिक कामासाठी वापर करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. रोज गाडी वापरू इच्छिणाऱ्याने नेहमीची नोंदणी नूतनीकृत करणेच योग्य.

वयाची अट १९६०च्या दशकातील प्रत्येक हेराल्ड आज पूर्ण करते. मूळ स्वरूपाची अट पूर्ण करायची की नाही, हे मात्र मालकाच्या हातातील पान्यावर अवलंबून आहे. छताचा कापलेला पत्रा किंवा भंगारात गेलेले मूळ इंजिन परत मिळत नाही. त्यामुळे केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि बदललेले भाग यांची नोंदवही ठेवावी. पुढचा दोष शोधताना तिचा उपयोग होतो आणि गाडी मूळ स्वरूपात असल्याचे दाखवतानाही ती कामी येते.