ओवी आणि तिची धनीण

महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. हा ग्रंथ ११२९ सालच्या सुमाराचा. पुढे ज्ञानेश्वरांनी ओवीला ग्रंथात मानाचं आसन दिलं. दळणाऱ्या बाईची ओवी मात्र जात्यापाशीच राहिली. ती कागदावर यायला विसावं शतक उजाडलं. १९४०च्या सुमारास साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये अशा ओव्या विषयवार लावून छापल्या. काम फार मोलाचं, पण कोणती ओवी कोणत्या बाईची, ते त्यात कळत नाही.

तोवर गिरण्या आल्या होत्या. हाताचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण पहाटेचं दळण सुटलं आणि ओवी सुचायची वेळही गेली.

१९८०च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातव्हँ मुळशीच्या डोंगरी गावांतल्या बायांबरोबर काम करत होते. तिथून ओव्या गोळा होऊ लागल्या. हजाराहून अधिक गावं झाली, ओव्या लाखावर गेल्या. या संग्रहाचं खरं मोल मला वाटतं ते असं, की ओवीशेजारी गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं गेलं. तीन हजारांहून अधिक बाया अशा नावानिशी राहिल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी डिजिटल टेपवर आवाजही धरले. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे त्यांतल्याच. २०१७पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळानं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला.

दक्षिण कोरियात एमबीसी या प्रसारण संस्थेनं १९८९पासून गावोगावची श्रमगीतं अशीच ध्वनिमुद्रित केली. २०१९ साली सोलमध्ये लोकगीतांचं स्वतंत्र संग्रहालय उघडलं. तिथे सरकार पाठीशी उभं राहिलं. आपल्याकडे हे काम मूठभर माणसांनी ओढलं, याची खंत वाटते.

आपल्या केदारखेड्यात आणि भोकरदन तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर आज घरोघरी मोबाइल आहे. घरात जात्यावर दळलेली आजी असेल, तर या दिवाळीत तिला विचारून तिच्या ओव्या ध्वनिमुद्रित करा. आधी तिचं नाव, माहेर, सासर तिच्याच तोंडून बोलून घ्या, मग ओवी.