आल्फा चॅनेल आणि गडचिरोलीचं जंगल

पीएनजी, गिफ की जेपेग, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना लोगो चिकटवताना पडतो. हिरव्या पट्टीवर लोगो टाकला की भोवती पांढरा चौकोन उमटतो, डिझायनरला फोन जातो, तो म्हणतो, "अरे, जेपेग कशाला वापरलीस?" विषय संपला. हाच प्रश्न नकाशाच्या बाबतीत पडला की मात्र जरा जड जातो. लोगोखाली फक्त पट्टी असते. नकाशाखाली जंगल असतं, आणि जंगलात गाव.

तर आधी थोडा इतिहास.

एकावर एक नकाशे ठेवून बघायची युक्ती कॉम्प्युटरच्या फार आधीची. ड्राफ्ट्समन मंडळी ट्रेसिंग क्लॉथ नि ट्रेसिंग पेपरवर हेच करायची. या युक्तीचं शास्त्र केलं इयान मॅकहार्ग या लँडस्केप आर्किटेक्टने, १९६९ सालच्या 'डिझाइन विथ नेचर' या पुस्तकात. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर रस्ता कुठून न्यायचा? त्याने प्रत्येक गोष्टीचा एक पारदर्शक कागद केला: उतार, पाणी, जंगल, वस्ती. जिथे नुकसान जास्त तिथे छटा गडद. सगळे कागद एकावर एक ठेवले की जो पट्टा उजळ राहील तिथून रस्ता न्यायचा. छटा असणं यात महत्त्वाचं. नुसतं काळं-पांढरं असतं तर पहिल्याच गडद कागदाने खालचं सगळं झाकून टाकलं असतं.

कॉम्प्युटरमधे ही छटा आणली एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी, १९७७च्या सुमारास, न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला प्रत्येक पिक्सेलला चौथा आकडा: हा पिक्सेल किती झाकतो. त्याचं नाव आल्फा. १९८४ मधे पोर्टर आणि डफ यांनी या आकड्याचं गणित नीट मांडलं. आजही ब्राउझर एक चित्र दुसऱ्यावर ठेवतो ते याच गणिताने.

पण वेबवर आलं काय, तर गिफ. १९८७ सालचा हा फॉरमॅट कॉम्प्युसर्व्ह कंपनीचा. १९८९च्या आवृत्तीत पारदर्शकता आली, पण २५६ रंगांपैकी एक रंग 'नाही' म्हणून जाहीर करायचा, इतपतच. पिक्सेल एकतर पूर्ण आहे किंवा पूर्ण नाही. त्यामुळे कडा करवतीसारख्या. १९९४च्या डिसेंबरमधे युनिसिसने गिफच्या आतल्या एलझेडडब्ल्यू पेटंटचे पैसे मागायला सुरुवात केली नि लोक भडकले. त्या रागातून १९९५च्या जानेवारीत पीएनजीचं काम सुरू झालं आणि १९९६च्या ऑक्टोबरात डब्ल्यूथ्रीसीने मान्यता दिली. पूर्ण आल्फा, २५६ पायऱ्या. मग इंटरनेट एक्स्प्लोररने २००६ मधे सातवी आवृत्ती येईपर्यंत या आल्फाकडे ढुंकून पाहिलं नाही. ज्यांनी आयई ६साठी फिल्टरची कसरत केली आहे त्यांना जास्त सांगायला नको!

आता चांद्याला या. जुना चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ला ते वेगळे झाले. गडचिरोलीचा जवळजवळ सत्तर टक्के भाग वनाच्छादित आहे. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटंसं गोंड गाव. त्याच्या भोवतीच्या जंगलावर किती कागद चढले बघा. आधी जमीनदारी. १९५०च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने (चांदा तेव्हा त्या राज्यात होता) जमीनदाऱ्या गेल्या, जंगल सरकारचं झालं, वनखात्याच्या नकाशावर कक्ष क्रमांक पडले. मग बांबू बल्लारपूरच्या पेपर मिलला लीजवर. या प्रत्येक नकाशात गाव कुठे होतं? खाली. पूर्ण झाकलेलं.

वनहक्क कायदा २००६चा, नियम २००८चे. २००९च्या ऑगस्टमधे मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. म्हणजे एक नवा थर आला. पण गंमत बघा, बांबू जंगलाबाहेर न्यायचा तर वाहतूक पास वनखात्याचाच लागायचा आणि तो काही मिळेना. नवा थर होता, पण त्याची आल्फा शून्य! २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे तो थर दिसू लागला. पुढे गडचिरोलीत हजाराहून जास्त ग्रामसभांना असे हक्क मिळाले.

कक्ष क्रमांक पुसले गेलेले नाहीत, जंगल वनखात्याच्या दप्तरी आहेच. एकाच जागेवर दोन खरे नकाशे आहेत, आणि दोन्ही एकदम दिसायला हवेत. गिफचा होय-नाही इथे कामाचा नाही.

शेजारच्या चंद्रपुरात प्रश्न कोळशाचा. २००९-१० मधे पर्यावरण आणि कोळसा मंत्रालयांनी देशातल्या नऊ कोळसा क्षेत्रांचे नकाशे वनाच्छादनाच्या नकाशांवर ठेवून पाहिले. वर्धा खोरं त्यातलंच एक. इथे मॅकहार्गच्या छटा परत आल्या. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात आधी दाट आणि विरळ असे दोनच मुख्य वर्ग असायचे. २००३च्या अहवालापासून सत्तर टक्क्यांवरच्या छत्राला 'अति दाट' हा वेगळा वर्ग मिळाला. कोळशाच्या हिशेबात मग नुसतं 'जंगल आहे का' एवढंच न विचारता, दाट जंगलाला जास्त नि विरळला कमी वजन देऊन आकडा काढला. एकूण आच्छादन ३० टक्क्यांवर, किंवा हा वजनदार आकडा १० टक्क्यांवर गेला, तर त्या भागाला हात लावायचा नाही. आपल्या भाषेत ही आल्फाच. ती यादी धोरण म्हणून टिकली नाही, पण दोन खात्यांनी आपापले नकाशे एकाच टेबलावर एकावर एक ठेवले, हे मला मोठं वाटतं.

आता तुम्ही स्वतः असा नकाशा करायला बसलात तर? वेबवर नकाशे मागायचं जे डब्ल्यूएमएस मानक आहे (पहिली आवृत्ती २०००ची) त्यात 'ट्रान्स्परंट' नावाचा एक पॅरामीटर असतो. काही सांगितलं नाही तर त्याची किंमत 'फॉल्स', आणि पार्श्वभूमी पांढरी. म्हणजे इस्रोच्या 'भुवन'सारख्या ठिकाणचा थर तुमच्या सॅटेलाइट चित्रावर ठेवताना हे विसरलात, तर रेषांच्या मधलं सगळं जंगल पांढरं. आणि 'ट्रू' लिहूनही फॉरमॅट जेपेग मागितलात तर उपयोग नाही, कारण जेपेगमधे पारदर्शकता ठेवायला जागाच नाही. शिवाय तो बारीक रेषांभोवती डाग पाडतो. हद्दीचा नाला कुठला, यावरून जिथे भांडण आहे तिथे हे डाग परवडत नाहीत.

तेव्हा सॅटेलाइटचा फोटो तळाला, तो खुशाल जेपेग. वरचे थर पीएनजी, आणि नुसत्या रेषा असतील तर आठ बिटी पीएनजी पुरतो, फाइलही हलकी होते. थराला छटा हवी असेल तर पूर्ण आल्फाचा. साइझ फारच खटकत असेल तर वेबपी आहे, त्यात आल्फाही आहे. पण फाइल तालुक्याच्या कचेरीतल्या जुन्या मशीनवर उघडायची असेल तर मी पीएनजीच देईन. गूगल अर्थसाठी केएमएल लिहीत असाल तर रंगाचा क्रम उलटा असतो हे लक्षात ठेवा: आधी आल्फा, मग निळा, हिरवा, लाल. ग्रामसभेची हद्द रंगवताना आल्फा निम्म्यावर ठेवा, म्हणजे खालचे कक्ष क्रमांकही वाचता येतील.