गव्हाचे वाण, पुणे परिसरातील
रब्बी हंगामातील गव्हाच्या वाणांची निवड व सुधारणा यांचा पुणे व लगतच्या प्रदेशातील इतिहास. दख्खनच्या पठारावर गहू हिवाळ्यात वाढत असला, तरी वनस्पतिशास्त्रीय दृष्ट्या तो वसंती गहू होय. यूरोपातील हिवाळी गव्हास फुलोऱ्यापूर्वी दीर्घकाळ कडाक्याची थंडी लागते; ती येथे मिळत नाही. येथील हिवाळा सौम्य व अल्पकाळ टिकणारा असून दाणे भरताना तापमान वाढल्यास दाणा सुरकुततो. त्यामुळे वेळेवर पेरणी आणि लवकर पक्वता यांना येथे विशेष महत्त्व आहे. जिरायत गहू ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, तर बागायत गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणे इष्ट मानतात.

जुन्या वाणांपैकी बन्सी (ट्रिटिकम ड्युरम) काळ्या जमिनीत पावसाच्या ओलीवर घेत. त्याचा कठीण दाणा रवा व शेवयांस योग्य असतो. खपली (ट्रि. डायकोकम) बागायतीत घेत. मळणीनंतरही तिच्या दाण्यास टरफल चिकटून राहते व ते कांडून काढावे लागते.

तांबेरा हा या पिकाचा मुख्य शत्रू. १९४६-४७ च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याच्या साथीने मध्य भारतात पिकाची मोठी हानी झाली. करमचंद मेहता यांच्या संशोधनातून डोंगराळ प्रदेशात टिकून राहिलेली बुरशी मैदानात रोग पसरविते, हे स्पष्ट झाले. नीलगिरीतून वाऱ्याबरोबर येणारे बीजाणू दख्खनमधील पिकास रोगग्रस्त करतात. रोगाचे मूळ शेताबाहेर असल्याने रोगप्रतिकारक वाण हाच व्यवहार्य उपाय ठरला. निफाड येथील केंद्रात (स्थापना १९३२) निवडलेल्या वाणांचा केनियातील वाणांशी संकर करून केनफड गटातील वाण काढण्यात आले.

खपलीच्या अंगी ही प्रतिकारशक्ती मुळातच होती. अमेरिकेत स्टॅकमन व लेव्हीन यांनी १९२२ मध्ये तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी ठरविलेल्या गव्हांच्या संचात तिचा समावेश केला. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी तिच्यापासून खपस्टाइन हा वाण तयार केला. खपलीतील ‘एसआर १३’ हे जनुक १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या ‘यूजी ९९’ या तांबेऱ्याविरुद्धही उपयुक्त आहे. मात्र १९६० नंतरच्या दशकात बुटक्या मेक्सिकन गव्हांचा प्रसार झाल्यावर, उंच वाढणारी, खताच्या मोठ्या मात्रेने लोळणारी व कांडणाचे श्रम मागणारी देशी वाणे मागे पडली. जगास उपयोगी पडलेले जनुक ज्या वाणात होते, त्याचेच क्षेत्र त्याच्या मूळ प्रदेशात आक्रसले.

पुण्यातील संशोधनाचे प्रमुख केंद्र म्हणजे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. तिची स्थापना १९४६ मध्ये झाली. तिचे संस्थापक-संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या स्मरणार्थ तिच्या संशोधनसंस्थेस १९९२ मध्ये आघारकर संशोधन संस्था हे नाव देण्यात आले. संस्थेचे वाण ‘एमएसीएस’ या आद्याक्षरांनी ओळखले जातात. त्यांपैकी ६२२२ व ६४७८ हे चपातीचे गहू, ४०२८ हा जिरायतीस योग्य असा लोह व जस्तयुक्त बन्सी गहू आणि २९७१ हा बुटका खपली वाण होय. शेवटच्या वाणात खपलीचे गुण राखून तिचे लोळणे कमी करण्याचा प्रयत्न दिसतो.