कापसी-कोपरीचे दोन थेंब

औषधाची बाटली कपाटातून काढताना एकदा, मात्रा ओतताना दुसऱ्यांदा आणि बाटली जागेवर ठेवताना तिसऱ्यांदा तिच्यावरील चिठ्ठी वाचावी, हा परिचर्येच्या शिक्षणातील जुना दंडक ज्या काळी रूढ झाला, त्या काळी औषधाचा मुक्काम इस्पितळात असे आणि कपाटाची किल्ली प्रशिक्षित परिचारिकेच्या हवाली असे. यवतमाळ मुलखात, देशात इतरत्र झाले त्याप्रमाणेच, लसीकरणाच्या मोहिमांनी औषधाला इस्पितळाचा उंबरठा ओलांडायला लावले. १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार देशभर सुरू झाल्यावर गावातील एखादे मेज हाच त्या दिवसापुरता दवाखाना ठरला, आणि अंगणवाडी सेविका व २००५ नंतर आशा स्वयंसेविका यांच्या हाती लशीची कुपी आली. या व्यवस्थेचे यश नाकारणे कृतघ्नपणाचे होईल, कारण तिच्याच बळावर २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

तथापि ३१ जानेवारी २०२१ रोजी, घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी या गावी, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, पाच वर्षांखालील १२ बालकांच्या मुखी लशीऐवजी सॅनिटायझर गेले. प्रमाद ध्यानात येताच मुलांना परत बोलावून खरे थेंब पाजण्यात आले. काहींना उलट्या होऊ लागल्या, आणि सर्वांची रवानगी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात झाली. सॅनिटायझरमधील मद्यार्काने लहान मुलांच्या रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. तेव्हा अशा बालकाची ग्लानी ही साधी झोप नव्हे, हे ओळखण्यासाठी उशाशी जाणती परिचारिकाच हवी. सुदैवाने सारी मुले बचावली.

पोलिओच्या कुपीवर उष्णतेने काळवंडणारा एक चौकोन असतो, आणि थेंब पाजण्यापूर्वी तो निरखावा, असा दंडक आहे. चिठ्ठीच्या जुन्या वाचनाचाच हा वारस म्हणावा, कारण तो चौकोन शोधणाऱ्या नजरेपुढे सॅनिटायझरची बाटली क्षणभरही टिकती ना. या प्रकरणी तिघा आरोग्य कर्मचाऱ्यांच्या निलंबनाचा निर्णय जाहीर झाला, आणि तो अन्याय्य होता असे मी म्हणणार नाही. परंतु कोरोनाच्या दक्षतेसाठी लशीच्या मेजावर ही दुसरी बाटली वरिष्ठांच्याच हुकुमाने आली होती, आणि ती लशीपासून किती हात दूर, कोणाच्या ताब्यात ठेवावी, हा प्रश्न आशाताईला विचारण्यापूर्वी हुकूम लिहिणाऱ्यालाच विचारावयास हवा होता.