सुवर्णपदक ते डॉक्टरेट : १७ वर्षे

१९६४ साली मुंबई विद्यापीठाच्या गणिताच्या एम.ए. परीक्षेत मंगला राजवाडे पहिल्या आल्या. कुलपतींचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. डॉक्टरेट मात्र मिळाली १९८१ साली, मंगला नारळीकर या नावाने. गणितात स्त्रिया मागे का, या नेहमीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या मधल्या १७ वर्षांत आहे, असे आम्हाला वाटते.

तुलनेसाठी जर्मनीतील एमी नोएथर यांचे उदाहरण घेऊ. १९०७ साली डॉक्टरेट मिळवूनही एर्लांगेन येथे त्यांना सुमारे सात वर्षे बिनपगारी काम करावे लागले. १९१५ मध्ये हिल्बर्ट व क्लाइन यांनी त्यांना गटिंगेनला बोलावले. पण त्यांची व्याख्याने हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत. स्वतःच्या नावाने शिकवण्याचा हक्क मिळायला १९१९ साल उजाडले. हा अडथळा नियमाचा होता. तो दिसत होता, म्हणून त्याच्याशी भांडताही येत होते.

मंगलाताईंना असा कोणताही नियम आड आला नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी संशोधन सुरू केले होते. लग्नानंतर १९६७ ते १९६९ या काळात त्यांनी केंब्रिजला अध्यापनही केले. पण घर आणि मुली यांना अग्रक्रम मिळाला आणि संशोधन उरलेल्या वेळेत झाले. आपल्या पिढीतील अनेक सुशिक्षित स्त्रियांची हीच कहाणी आहे, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे.

त्यांचा विषय होता चाळून उरलेले पूर्णांक. १ ते ३० मधून २, ३ आणि ५ यांनी भाग जाणाऱ्या संख्या खोडा. १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९ या आठच उरतात. मोठ्या टप्प्यात अशा संख्या कशा विखुरतात, हा अवघड प्रश्न आहे. त्याला सलग, निवांत विचार लागतो. नेमका तोच वेळ घरकामात तुकड्यातुकड्यांनी खर्च होतो.

खंड पडलेल्या स्त्री-संशोधकांसाठी केंद्र सरकारने २००२-०३ साली योजना सुरू केली. पण वेळेची वाटणी शाळेच्या वयातच ठरते. आमच्या नायगावहून लोकलने मुंबईला शिकायला जाणाऱ्या मुलीला घरी परतल्यावर स्वयंपाकघर वाट पाहत असते. तिच्या भावाला बहुधा नसते. गणिताचा गृहपाठ अपुरा राहिलेल्या मुलीला शिक्षकांनी कारण जरूर विचारावे. आणि जमल्यास पालकसभेत तिच्या भावाच्या कामांचीही चौकशी करावी.